कुत्र्याची जात कशी निवडावी: आधी आपला दिवस बघा, मग त्याच्या पूर्वजांचं काम

कुत्रा घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी फोटो बघत बसतात. निळ्या डोळ्यांचा हस्की आवडतो, मग पगच्या सुरकुत्या आवडतात, मग कुणीतरी बॉर्डर कॉलीचा व्हिडिओ पाठवतं. जगभरच्या केनेल क्लबांची संघटना असलेल्या एफसीआयच्या यादीत साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत. फोटोंवरून निवडायला गेलं तर निवड कधी संपायची नाही, आणि संपली तरी चुकायची शक्यताच जास्त. कारण कुत्र्यासोबत १० ते १५ वर्षं काढायची असतात, आणि या काळात त्याच्या दिसण्याचा रोजच्या कटकटीशी किंवा सुखाशी फारसा संबंध येत नाही. तो किती पळतो, किती भुंकतो, एकटा किती वेळ राहतो, केस किती गाळतो आणि आजारी कशानं पडतो, यावर सगळं ठरतं.

म्हणून सुरुवात कुत्र्यापासून करूच नका. ती स्वतःपासून करा.

पायरी १: आपला आठवडा कागदावर उतरवा

सलग सात दिवस, रोज रात्री पाच मिनिटं काढून चार गोष्टी लिहा. घर सलग किती तास रिकामं होतं? सकाळी बाहेर पडण्याआधी खरोखर मोकळी अशी किती मिनिटं मिळाली? संध्याकाळी किती? आणि त्या वेळी अंगात फिरायला जायचं त्राण होतं का? आठवड्याची सरासरी काढू नका. या सात दिवसांतला सगळ्यात वाईट दिवस निवडा आणि त्या दिवसाला झेपेल असाच कुत्रा शोधा. रविवारी दोन तास टेकडी चढून येणारे पुष्कळ असतात, पण कुत्र्याला मंगळवारही असतो.

एकटं राहण्याचं गणित साधं आहे. मोठा, सवय लागलेला कुत्रा चार ते सहा तास निवांत राहतो. आठ तास ही शेवटची मर्यादा धरा, तीही मध्ये कुणी येऊन त्याला बाहेर नेणार असेल तर. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवलं की साधारण तितके तास ते शू धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास, आणि झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर तेवढेही नाही. घर रोज नऊ तास बंद राहत असेल, तर कोणती जात हा प्रश्न नंतरचा. दुपारी कोण येणार, हे आधी ठरवा.

याच कागदावर आणखी काही उत्तरं हवीत. तुम्ही तापानं झोपलात तर त्याला कोण नेणार? घरात पाच वर्षांखालची मुलं आहेत का? धक्का लागला तर पडतील अशा वयाची माणसं आहेत का? भिंतीला भिंत लागून शेजारी आहेत का? आणि एक प्रश्न फार थोडे जण विचारतात: जिने किती आहेत? ३५ किलोच्या कुत्र्याचे मागचे पाय म्हातारपणी अधू होतात, तेव्हा त्याला दिवसातून चार वेळा उचलून खाली न्यावं लागतं. लिफ्ट नसलेल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी उचलता येईल एवढ्याच वजनाचा कुत्रा घ्यावा, हे आमचं ठाम मत आहे.

पायरी २: या जातीचे पूर्वज काय काम करायचे, ते शोधा

जात म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या कामासाठी निवडून जोपासलेलं शरीर आणि स्वभाव. ते काम आज उरलं नसलं तरी त्याची ओढ कुत्र्यात असतेच. म्हणून 'हा कुत्रा हुशार आहे का', 'प्रेमळ आहे का' असे प्रश्न सोडा. त्याऐवजी विचारा, याचा पणजा दिवसभर काय करायचा? आणि ते काम तुमच्या घरात सुरू झालं तर चालेल का?

*मेंढ्या हाकणारे.* बॉर्डर कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा कॉली दिवसभर डोंगरात मेंढ्यांवर नजर रोखून, दबकत, धन्याच्या शिटीवर वळत काम करायचा. घरात मेंढ्या नसल्या तरी धावणारी मुलं, सायकली, मोटारी असतात. तो त्यांच्याभोवती गोल फिरतो, टाचांना दात लावतो. रोज दीड-दोन तासांची दमवणूक आणि त्यावर डोक्याला काम, म्हणजे वस्तू शोधणं, नवीन आज्ञा, अडथळ्यांचा खेळ, एवढं मिळालं तर याच्यासारखा साथीदार नाही. नाही मिळालं तर तो स्वतःच काम शोधतो. भिंतीवरच्या सावलीमागे, घड्याळाच्या काचेवरून पडलेल्या कवडशामागे तासन्‌तास लागतो. सुरुवातीला घरच्यांना ते गमतीचं वाटतं, पण एकदा ते वेड लागलं की सोडवायला महिने जातात. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यानं हा गट टाळलेलाच बरा. याला अपवाद फारच थोडे.

*वासावर चालणारे.* बीगल, बॅसेट, ब्लडहाउंड. नाक जमिनीला लागलं की कान बंद होतात, कारण त्यांना घडवलंच तसं आहे: माग सोडायचा नाही आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात हाळी द्यायची. बीगल ९ ते ११ किलोचा, मुलांशी गोड, इतर कुत्र्यांशी जुळवून घेणारा. दिसतो छोटा, म्हणून फ्लॅटसाठी सोयीचा समजून लोक घेतात, आणि महिन्याभरात शेजारी तक्रार घेऊन दारात येतात. उघड्यावर त्याचा पट्टा सोडायचा नाही. बोलावलं की येईल या भरवशावर राहू नका.

*नजरेवर शिकार करणारे.* ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी. यांच्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या वर पळतो, म्हणून त्याला मैदान लागत असेल असं वाटतं. खरं तर तो एक-दोन जोरदार धावा काढून उरलेला दिवस सोफ्यावर लोळतो. शांत, फार न भुंकणारा, बेताच्या घरातही सुखी. पण घरात मांजर किंवा ससा असेल तर फार सावध राहा, आणि थंडीत त्याला अंगात कपडा लागतो, कारण कातडी पातळ आणि चरबी नावाला.

*टेरियर.* बिळात शिरून उंदीर, कोल्हा हुसकावणारे. जॅक रसेल हा पाच-सहा किलोचा, पण दम मोठ्या कुत्र्याचा. खणणं, फाडणं, तोंडातली वस्तू झटकणं हे त्याचं मूळ कामच आहे. लहान आकार म्हणजे कमी व्यायाम, हे समीकरण टेरियरांना लागू होत नाही.

*रिट्रीव्हर.* लॅब्राडोर आणि गोल्डन. शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी न चावता हातात आणून द्यायचा, म्हणजे माणसाकडे बघत काम करायचं. नवख्यांना हे जमतात त्याचं खरं कारण हेच: ते तुमच्याकडे पाहायला तयार असतात. मात्र पहिली दोन वर्षं मोजे, चपला, रिमोट सगळं तोंडात जाणार. रोज तासभर तरी दमवावं लागतं. आणि लॅब्राडोरची भूक खरोखर वेगळी आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना असं आढळलं की जवळपास एक चतुर्थांश लॅब्राडोरांमध्ये पोमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे ते खाण्यामागे जास्त लागतात. म्हणून त्याचं जेवण डोळ्यांच्या अंदाजानं वाढू नका, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. बरगड्या हलक्या हातानं चाचपल्यावर लागल्या पाहिजेत. बोट दाबून शोधाव्या लागल्या तर तो जाड झालाय.

याच गटात एक चूक हमखास होते. काही जातींत दोन घराणी असतात: शोसाठीची आणि प्रत्यक्ष कामासाठीची. कामाच्या घराण्यातला लॅब्राडोर किंवा कॉकर स्पॅनियल सडपातळ आणि दुप्पट चपळ असतो. जात बरोबर निवडूनही घराणं चुकलं तर पदरी दुसराच कुत्रा येतो. आई-वडील काय काम करतात, हे विचारायला विसरू नका.

*राखणदार.* रॉटवायलर, डॉबरमन, ग्रेट पिरनीज, कॉकेशियन शेफर्ड. यातले कळप राखणारे कुत्रे, म्हणजे शेवटचे दोन, रात्री एकटे निर्णय घ्यायचे, माणसाला विचारत नसत. आजही पाहुणा आत घ्यायचा की नाही, हे ते स्वतःच ठरवू पाहतात आणि रात्रभर भुंकतात. नवख्या माणसाच्या हाती हे देऊ नयेत. रॉटवायलर आणि डॉबरमन माणसाशी जास्त जोडलेले असतात, पण त्यांनाही पहिल्या दिवसापासून ट्रेनर हवा.

*बर्फात ओढणारे.* हस्की, मलाम्यूट. ओढण्यासाठीच जन्मलेले, म्हणून पट्टाही ओढतात. कुंपणावरून जातात, खालून खणून जातात, रडल्यासारखे आळवतात. उष्ण हवामानात यांना ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

*सोबतीचे.* शित्झू, माल्टीज, कॅव्हेलियर, पग. यांचं काम मांडीवर बसणं. फिरणं कमी लागतं म्हणून 'दिवसभर बाहेर असतो, छोटासा कुत्रा बरा' असं लोक ठरवतात. गणित नेमकं उलटं आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या अंगाला चिकटून राहायला घडवलं, त्यालाच एकटेपण सगळ्यात जड जातं.

हे सगळं वाचून जातीवर डोळे झाकून विसंबूही नका. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली, तेव्हा एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातल्या फरकापैकी साधारण ९ टक्केच फरक जातीनं उलगडला. म्हणजे जातीवरून कल कळतो, पण तुमच्या समोरचा कुत्रा कसा आहे हे त्याला भेटूनच कळतं. शरीराचं मात्र तसं नाही. आकार, केस, नाक, पाठ या गोष्टी जात पाहून जवळजवळ नक्की सांगता येतात.

पायरी ३: शरीराचा हिशेब

*आकार.* मोठा कुत्रा कमी जगतो. ग्रेट डेन सात ते दहा वर्षं, चिवावा १४-१५ वर्षंही. औषधाचा डोस, भूल, खाणं सगळं किलोवर चालतं, म्हणून ६० किलोच्या कुत्र्याचं एकेक दुखणं सहा किलोच्या कुत्र्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. खोल छातीच्या मोठ्या जातींत पोट फुगून पीळ पडतो. कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही, पोट टणक लागतं. अशा वेळी तासाभराचाही उशीर जिवावर बेततो, त्यामुळे रात्री उघडा असणारा दवाखाना जवळ असेल तरच असा कुत्रा घ्या.

*केस.* इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. आखूड केस म्हणजे केस गळत नाहीत, असं नाही. लॅब्राडोर आणि पग वर्षभर गाळतात, आणि ते आखूड केस सुईसारखे कापडात रुततात. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, पण वाढतच राहतात, म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी कातरावे लागतात आणि रोज नाही तर एक दिवसाआड विंचरावे लागतात.

विंचरणं म्हणजे काय, हेही आधी समजून घ्या. वरवर ब्रश फिरवला की केस चमकतात आणि खाली कातडीजवळ गुंता तसाच राहतो. एका हातानं केसांचा थर वर धरायचा, खालची कातडीची रेघ दिसली पाहिजे, तिथून टोकाकडे विंचरायचं, मग बोटभर वरचा पुढचा थर सोडायचा. शेवटी धातूचा कंगवा मुळापासून घालून बघायचा. अडकला तर काम बाकी आहे. कानामागे, काखेत आणि हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घासतो तिथे गुंता आधी धरतो. मध्यम आकाराच्या पूडलला यासाठी २० ते ३० मिनिटं जातात. तेवढा वेळ पायरी १ च्या कागदावर आहे का, ते पाहा. हस्की, पॉमेरेनियन, गोल्डन यांना दुहेरी कोट असतो, वर्षातून साधारण दोनदा आतली लोकर झडते. उन्हाळ्यात बरं वाटेल म्हणून त्यांना भादरू नका. वरचे केस उन्हापासून राखतात, आणि भादरल्यावर पुष्कळदा ते पूर्वीसारखे येत नाहीत.

*अ‍ॅलर्जी.* 'अ‍ॅलर्जी न होणारी जात' असं काही नसतं. अ‍ॅलर्जी होते ती लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांनी, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. घरात कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर ज्या कुत्र्याला आणायचं त्याच्याच सोबत, बंद खोलीत, वेगवेगळ्या दिवशी तास-दोन तास बसून बघा. त्याच जातीचा दुसरा कुत्रा चालला म्हणजे हा चालेलच असं नाही.

*नाक.* पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरून आणि नाकातून ओलावा उडवून अंग थंड करतो. या जातींची कवटी आखूड झाली तरी आतलं मांस तेवढंच राहतं, हवेची वाट चिंचोळी होते. घोरणं हे या जातींचं वैशिष्ट्य म्हणून कौतुकानं सांगितलं जातं, पण तो श्वास घ्यायला पडणारा त्रास आहे. तरीही हीच जात हवी असेल तर पिल्लाच्या आई-वडिलांना तीन मिनिटं दुडक्या चालीनं चालवायला सांगा आणि आधी व नंतर जवळ बसून श्वास ऐका. स्वच्छ, न खरखरणारा श्वास हवा. नाकपुड्या उघड्या दिसायला हव्यात, फटीसारख्या नकोत. उन्हाळा कडक असलेल्या ठिकाणी आम्ही ही जात सुचवणार नाही.

*पाठ.* डॅशहुंडची लांब पाठ आणि आखूड पाय एकाच जनुकीय ठेवणीतून आले आहेत, आणि त्याच ठेवणीमुळे मणक्यांमधल्या गाद्या लवकर कडक होतात. चार-पाचांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी पाठीचा त्रास होतोच. सोफ्याला उतरंड लावणं, जिन्यावर उचलून घेणं, वजन ताब्यात ठेवणं हे रोजचं काम समजा.

पायरी ४: तीन नावं ठरवा आणि मोठे कुत्रे जाऊन भेटा

पिल्लं सगळीच गोड असतात, त्यांच्यावरून काही कळत नाही. यादीतल्या तीन जातींचे दोन-तीन वर्षांचे कुत्रे गाठा, आणि भेटायची वेळ संध्याकाळच्या फेरीच्या अर्धा तास आधीची मागा. फिरून आलेला कोणताही कुत्रा शहाणा वाटतो. फेरीआधी तो कसा असतो, ते बघण्यासारखं असतं. फेरीत पट्टा स्वतःच्या हातात घ्या. मालकाला 'चांगला आहे का' असं विचारू नका. विचारा: सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो? गेल्या वर्षी व्हेटकडे कशासाठी गेलात? घराबाहेर जाता तेव्हा हा काय करतो?

पायरी ५: पिल्लू की मोठा कुत्रा

पहिलाच कुत्रा असेल आणि घरची माणसं नोकरीवर जात असतील, तर दोन ते चार वर्षांचा, स्वभाव ठरलेला कुत्रा घ्या. मग तो मिश्र जातीचा असला तरी चालेल. त्याचा आकार, भुंकणं, मुलांशी वागणं, एकटं राहणं सगळं समोर दिसतं, अंदाज करावा लागत नाही. मोठा कुत्रा जीव लावत नाही, हा समज चुकीचा आहे. काही आठवड्यांत तो तुमच्या पावलांचा आवाज ओळखू लागतो.

पिल्लूच हवं असेल तर पहिले दोन-तीन महिने घरात कुणीतरी सतत हवं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखतं: माणसं, आवाज, जिने, गाड्या. हा काळ वाया गेला तर भित्रेपणा राहतो. लसी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, त्यामुळे तोवर कडेवर घेऊन जग दाखवायचं. आणि सहा महिन्यांनंतरचं दांडगटपणाचं वय लक्षात ठेवा. शिकवलेलं विसरल्यासारखं वागतात, आणि नेमक्या याच वेळी कित्येक कुत्री घराबाहेर काढली जातात.

पायरी ६: कुठून घ्यायचा

ब्रीडरकडे गेलात तर पिल्लांच्या आधी आईला बघा. ती अनोळखी माणसाजवळ कशी वागते? तिची राहायची जागा घरात आहे की पिंजऱ्यात? आई दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून निघा. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत देऊ करणारा, रस्त्यात भेटून पिल्लू हाती देणारा, एका वेळी चार-पाच जाती विकणारा, हे तिन्ही नकोत.

आई-वडिलांच्या तपासण्यांचे कागद मागा. लॅब्राडोर, गोल्डन, जर्मन शेफर्ड असेल तर खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे, वयाचं एक वर्ष उलटल्यावर काढलेले आणि अधिकृत श्रेणी मिळालेले. कॅव्हेलियर असेल तर हृदयाची तपासणी, कारण या जातीत झडपेचा आजार फार आहे. 'व्हेटनं तपासलंय, ठणठणीत आहे' हे या कागदांच्या बदली चालत नाही.

'दुर्मिळ रंग' आणि 'टीकप' या दोन शब्दांना भुलू नका. टीकप नावाची जातच नाही, मुद्दाम लहान ठेवलेली ती नाजूक पिल्लं असतात. ठिपक्याठिपक्यांच्या मर्ल रंगाचे आई-वडील दोन्ही असतील तर काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी जन्मतात.

शेल्टरमधून घेणार असाल तर एकाच भेटीत ठरवू नका. तिथे घाबरलेला कुत्रा गप्प असतो आणि तो गप्पपणा लोकांना शांतपणा वाटतो. दोन-तीन वेळा जा, बाहेर फेरीला न्या, खाऊ दिला तर घेतो का बघा. भीतीनं गारठलेला कुत्रा खाऊलाही तोंड लावत नाही. फॉस्टरकडे, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत स्वतःच्या घरी सांभाळणाऱ्याकडे, राहिलेला कुत्रा मिळाला तर फारच उत्तम, कारण घरात तो कसा असतो हे सांगणारं माणूस भेटतं.

पायरी ७: कुत्र्याशिवाय १४ दिवस

जात ठरली, कुत्रा आवडला, तरी आणायच्या आधी ही रंगीत तालीम करा. ठरलेल्या जातीला लागेल तेवढ्याच वेळा आणि तेवढाच वेळ, घरातल्या ज्यांनी जबाबदारी घेतलीय त्यांनी, रोज बाहेर पडायचं. लॅब्राडोर असेल तर सकाळी ३० आणि संध्याकाळी ३० मिनिटं, पाऊस असो वा डोकेदुखी. त्याशिवाय रात्री झोपायच्या आधी एकदा खाली जाऊन यायचं. पिल्लू आणणार असाल तर चार रात्री दोनचा गजर लावून उठायचं. चुकलेली प्रत्येक फेरी कॅलेंडरवर फुलीनं खुणवा.

१४ दिवसांत दोन-तीन फुल्या पडल्या तर काळजी नको. सहा-सात पडल्या तर कमी व्यायामाची जात निवडून पुन्हा १४ दिवस करून बघा. त्यातही तेवढ्याच पडल्या, तर सध्या कुत्रा आणू नका. जवळच्या शेल्टरमध्ये आठवड्यातून एकदा कुत्र्यांना फिरवायला जायला लागा. त्यांना ती फेरी हवीच असते, आणि वेगवेगळ्या स्वभावाचे कुत्रे हाताखालून गेले की आपल्याला कोणता झेपतो, ते पट्टा हातात धरल्याबरोबर कळायला लागतं.